कुंदामावशींनी सिलेंडर परत पाठवला

आज खूप दमलेय यार. पेणमधल्या आमच्या फ्री मोबाइल क्लासमध्ये मी बायकांकडून रोज एकच पाठ करून घेते, ओटीपी कुणालाच सांगायचा नाही.

आज वडखळच्या कुंदामावशी आल्या त्या भांडतच. "तुझं ऐकलं गो! गॅसवाल्याने मोबाइलवर आलेला नंबर मागितला, मी नाय दिला. सिलेंडर घेऊन गेला परत. आता चूल फुंकतेय, डोळे बघ माझे!"

सगळ्या बायका हसायला लागल्या. मी समजावलं, सिलेंडर दारात आला की तो नंबर द्यायचा असतो.

"मग कुणाला द्यायचा, कुणाला नाय, मी कसं वळखू?"

जाताना म्हणाल्या, "उद्या येते. तवर उत्तर शोधून ठेव."

घरी येऊन तेच शोधत बसलेय. तुम्ही मावशींना काय सांगितलं असतं?