मावशींनी शपथ घेतली नाही

गाडीत मावशी कधी टेकून बसायच्या नाहीत. सीटच्या कडेला, पिशवी मांडीवर. विचारलं तर म्हणायच्या, "निवांत काय बसायचं? वाट लई हाय."

अशा ट्रिपा तुम्हीही पाहिल्या असतील. निवडणूक आली की उमेदवाराला एकदम देवी आठवते आणि बायकांनी भरलेली बस इंदापुरातून तुळजापूरला निघते. जेवण फुकट, दर्शनाचा पास फुकट. ही सरळ लाच आहे. मतदार जागृती करणाऱ्या आमच्या गटाने पत्रक काढलं, 'गाडी त्यांची, मत आपलं!' ते वाटत मी अशाच एका बसमध्ये चढले.

मावशीही त्यात होत्या, आमच्याच गल्लीतल्या. बारामतीला लेकीचं बाळ सातव्या महिन्यात झालं, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होतं. मावशींनी देवीला ओटीचा नवस बोलला. बाळ घरी आलं, म्हणून ही घाई. टेंभुर्णीपर्यंत त्यांनी चारदा विचारलं, "आलं का?"

मग पत्रक मला वाचून दाखवायला लावलं.

"आन् आईम्होरं शपथ घ्यायला लावली तर?"

"घ्यायची आणि विसरायची, असं लिहिलंय यात," मी म्हणाले.

"लिवणारीला देवी ठावी न्हाय वाटतं."

मागच्या बायका हसल्या. लिहिणारी मीच होते.

तुळजापुरात उतरल्या उतरल्या उमेदवाराच्या कार्यकर्त्याने प्रत्येकीच्या हातावर कुंकू ठेवलं. आईची आण घ्या, मत आपल्याच भाऊंना. पास त्यानंतर. बायकांनी खाली मान घालून आण घेतली. मीही घेतली, मला पासाच्या रांगेतला व्हिडिओ पुरावा म्हणून हवा होता. मावशींनी हात पदराखाली घेतले.

"मावशी, पास न्हाय मिळायचा. साध्या रांगेला सहा तास लागत्यात. गाडी थांबणार न्हाय," कार्यकर्ता म्हणाला.

"नगा थांबू. नातवाची ओटी हाय. तिच्याच दारात खोटं बोलून भरू व्हय?"

आमचं दर्शन झालं, तेव्हा त्या रांगेतच होत्या, सारख्या टाचा उंचावून पुढं बघत. बस सुटली. मी उतरायला हवं होतं. उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या स्टँडवर त्यांना गाठलं. नवं पत्रक तयार होतं, मावशींच्या नावासकट.

"माझं नाव काढ त्यातनं," त्या म्हणाल्या. "म्या काय तुझ्यासाठी रांगेत ऱ्हायले न्हाय, पोरी." आणि अंगाऱ्याची पुडी घेऊन तशाच बारामतीच्या एसटीत चढल्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या बायका माझ्या दारात आल्या. "ताई, आमी घेतलेल्या शपथेचं काय करायचं?"

मावशी अजून लेकीकडेच होत्या. मी दार पूर्ण उघडलं. "आत या. शपथ मीही घेतलीय."