भवतोषबाबूंची डुलकी

दुपारचं जेवण झालं की आमचं बंगालातलं चुंचुडा गाव अख्खं आडवं होतं. दुकानं बंद, रिक्षावाले रिक्षातच कलंडलेले, घरोघरी माणसं मासे-भात पोटात ढकलून घोरायला मोकळी. जागी असायची ती एकटी सुरंजना पाकडाशी. ही बाई नवऱ्याच्या उशाशी बसून त्याला गोष्ट वाचून दाखवायची.

गोष्ट तिची नव्हे बरं. फोनवर लिहिणाऱ्यांचा एक गट होता. कुणी आसनसोलचं, कुणी बारासातचं. कुणीही काहीही टाकलं की खाली ‘अपूर्व, दादा!’, ‘असाधारण, दीदी!’ असा नुसता पाऊस. सुरंजनाला त्याची भारी चीड. “मेल्यांनो, वाचलंत तरी का?” असं ती तिथेच खडसवायची.

तिची रीत साधी होती. भवतोषबाबू भात जेवून लवंडले की ती वाचायला घ्यायची. ते घोरू लागले की गोष्ट तिथे पातळ झाली. मग लेखकाला निरोप जायचा, ‘बाजाराच्या वर्णनाला आमचे हे घोरले. ते काढा आणि बाईला तडक नदीवर आणा.’ लोक आधी फुगायचे, पण दोन दिवसांनी गुपचूप कात्री लावायचे. आणि गोष्ट खरंच रंगली, तर भवतोषबाबू मिटल्या डोळ्यांनीच विचारायचे, “मग?” तेवढा एक शब्द मिळाला म्हणून आसनसोलच्या टुंपाने शेजारपाजारी रसगुल्ले वाटले होते!

दुर्गापूजा जवळ आली की हिच्या अंगात यायचं. कारण तेव्हा जो तो नदीकाठच्या गवताला येणाऱ्या काशफुलांनी आणि पांढऱ्या ढगांनी सुरुवात करायचा. “फुलं आम्हाला खिडकीतून दिसतात,” ती म्हणायची, “माणूस कुठाय तुमचा?”

आणि त्या वर्षी बाईंनी स्वतःच गोष्ट लिहिली. आयुष्यातली पहिली. गटावर टाकली आणि फोनकडे बघत बसली. ‘अपूर्व, दीदी!’ ‘असाधारण, दीदी!’ गट चालवणाऱ्या बिपुलदाने तर कहरच केला. “तुमचं लिखाण आम्ही काय तपासणार? आज संध्याकाळी पूजा अंकात पहिल्या पानावर.”

सुरंजनाला रडूच फुटलं. इतकी वर्षं सगळ्यांना खरं सांगितलं, आणि आपली पाळी आली तर एकालाही तोंड उघडता येऊ नये? गोष्ट टाकाऊ असली तर संध्याकाळी सगळ्या गावापुढे शोभा व्हायची, आणि ते कळणारही नव्हतं तिला.

उरले भवतोषबाबू. दुपारी तिने वाचायला घेतलं. हे गृहस्थ ताठ बसून, डोळे वटारून ऐकत होते. पापणी लवेल तर शपथ!

“वा! झकास!” ते म्हणाले.

ती हरखली. मग एकदम तिचं लक्ष ताटाकडे गेलं. मोहरीतला मासा चाटूनपुसून संपला होता, भात मात्र जसाच्या तसा होता.

“अहो, भात नाही खाल्लात?”

“भूक नव्हती गं.”

“भूक नव्हती? तुम्हाला?”

भवतोषबाबू खाली मान घालून पुटपुटले, “तुझ्या गोष्टीला डुलकी लागली असती, तर मी या घरात राहिलो असतो का?”

सुरंजनाला हसू आलं आणि संतापही आला. “म्हणजे तुम्हीपण त्यांच्यातलेच! बसा पानावर.” तिने भाताचा डोंगर वाढला, वर आमटी ओतली, समोर बसून शेवटच्या शितापर्यंत खायला लावलं. मग त्यांना आडवं केलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

काठावर काशफुलं डोलत होती. भवतोषबाबूंची मान कलली. आकाशात पांढरे ढग तरंगत होते. भवतोषबाबू घोरू लागले.

“अगं बाई!” सुरंजनाने कपाळावर हात मारला. जगाची काशफुलं उपटली आणि आपल्याच अंगणात ही शेती! तिने दोन्ही परिच्छेद उडवले. आता घोरणं थांबलं नाही तर काहीच उरत नव्हतं.

ती पुढे वाचू लागली. नवी सून माहेरून हार्मोनियम घेऊन येते. महिन्याभराने खोकं उघडते, तर आत सासूने कांदे भरलेले. हार्मोनियम माळ्यावर, कोळशाच्या पोत्याखाली. सून खोकं मिटते आणि कांदे चिरायला बसते.

घोरणं कधी थांबलं ते तिला कळलंच नाही.

“मग?” भवतोषबाबू म्हणाले. डोळे मिटलेलेच होते, पण आवाज झोपेतला नव्हता. “मग काय केलंस तू?”

गोष्टीतल्या सुनेला तिने नाव दिलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही. ते कांदे याच घरात त्यांनीही खाल्ले होते, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा प्रश्न आज पहिल्यांदा विचारत होते.

सुरंजनाने पदराने डोळे पुसले. “सांगते,” ती म्हणाली, “झोपू नका मात्र.”