बाजारातलं नवं

मैत्रिणींनो, आज माहेरून रिकाम्या हाताने परतले.

आमच्याकडे नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात. त्याला 'नवं' म्हणतात. माझ्या महाडच्या दाराला ते दरवर्षी पोलादपूरजवळच्या माहेरच्या शेतातून यायचं. येता-जाता लोंबीला बोट लावून क्षणभर थांबायचं, हीच माझी प्रार्थना. थांबायची सवय शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेली, लोंबी मात्र आमची.

यंदा वाटलं, आपणच आणू. न कळवता एसटीने गेले. शेतात कमरेएवढं रान!

वहिनी म्हणाली, "डुकरं काय ठेवीत नाय गो. तीन वर्सं लावणीच नाय."

"मग मला पाठवलेलं नवं?"

"ह्यांनी महाडच्या बाजारातनं आणायचं, नि मी तुलाच परत धाडायचं."

"अगं, सांगायचं तरी!"

"तू तरी कधी बघाय आलीस?"

ते लागलं, कारण खरं होतं. तरी दादा-वहिनीवरचा राग काही जात नाही.

माझं चुकतंय का, सांगा. शेत तीन वर्षांपूर्वीच गेलं होतं, आणि त्याच्यासाठी मला कुणी रडूसुद्धा दिलं नाही.