करंगळीपासून सुरुवात

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच करत आले. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

मी येरमाळ्यात ब्लाउज शिवते. दुकान हायवेलगत, घर त्याच्या मागेच. मागच्या वर्षी दुकानातला आरसा फुटून माझं उजवं मनगट कापलं, आतली बोटं हलवणारी नस तुटली. सोलापूरला ऑपरेशन झालं. पट्टी काढताना डॉक्टर म्हणाले, "आता मी दाखवतो तशी बोटं रोज हळूहळू हलवायची. हात नुसता ठेवलात तर आतला व्रण नसेला चिकटेल, मग शिवणकाम विसरा."

घरी आल्यावर सासूबाईंनी माझा हात उशीवर ठेवला. "अजिबात हलवायचा न्हाय. आतला टाका उसवंल." मलाही तेच हवं होतं — बोट जरा हललं की खांद्यापर्यंत कळ जायची. हात तसाच पडू दिला.

दुपारी डोळा लागला की मात्र कुणीतरी माझी बोटं हातात घ्यायचं. करंगळीपासून सुरुवात... एकेक बोट अलगद ओढायचं, वाकवायचं, शेवटी तळव्यावर अंगठा दाबायचा. खरखरीत, ऊबदार हात. दुखायचं नाही. वाटलं, सासूबाईंचं मन पालटलं. मी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी बोटं वाकवून पाहिली. "नस छान मोकळी आहे. व्यायाम मनापासून केलात."

"मी कुठला, सासूबाईंनी करून घेतला," मी म्हणाले.

सोबत आलेल्या सासूबाई गोंधळल्या. "म्या? अगं, भ्यानं म्या तुज्या हाताला शिवले बी न्हाय. दुपारचं तर दुकानात बसत व्हते."

परतीच्या एसटीत मला तो तळव्यावरचा अंगठा आठवला आणि रडूच फुटलं. माझी आई तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्यात कागदाच्या नळ्या वळायची. सुट्टी झाली की तिथल्या बायका एकमेकींची आखडलेली बोटं अशीच मोकळी करायच्या, करंगळीपासून. घरी आली की आई माझीही ओढायची, शेवटी तळव्यावर अंगठा दाबायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

झोपेत बोटं आपोआप हलली असतील, असं डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. असतीलही. पण तो खरखरीत हात माझा नव्हता. याहून जास्त मला सांगता येत नाही.

एका दुपारी माझं मीच सुईत दोरा ओवला. त्यानंतर कुणी आलं नाही. आज काजं, हुका सगळं माझ्या हातानं होतं, ते तिच्यामुळंच. तरी जेवण झालं की मी उजवा हात उघडा ठेवून पडते. आई, काम झालं म्हणून लगेच गेलीस... जरा बसायचं होतंस.