शनिवारचं लोखंड

माझा मुलगा तसा भित्रा नाही, फक्त आईच्या बाबतीत आहे. मागच्या वर्षी श्रावणात शेतावर जाताना माझी स्कूटी काळ्या चिखलात घसरली. फार काही झालं नाही. गुडघा सोलला, एक हात काही दिवस वर जाईना. पण स्कूटीची किल्ली त्याने उचलली ती थेट त्याच्या कपाटात गेली, आणि वर मला सांगितलं की दसऱ्याचा झेंडू निघाला की तुकडा वाट्याने देऊन टाकू. कसणारा माणूससुद्धा त्याने बघून ठेवला होता.

हा तुकडा म्हणजे काय ते आधी सांगते. आम्ही राहतो इंदिरानगरला, दुसऱ्या मजल्यावर, आणि शेती सायखेड्याला. मोठं रान जाऊबाईंच्या मुलांकडे आहे. आमच्या वाट्याच्या तेवढ्या तुकड्यात मी झेंडू आणि शेवंती करते. नाशिकहून बसने गावापर्यंत जायचं, जाऊबाईंकडे चहा घ्यायचा आणि तिथून शिवरस्त्याने शेतात. त्या रस्त्याला रिक्षावाला येत नाही आणि तेवढं चालायला माझे गुडघे ऐकत नाहीत. म्हणून स्कूटी जाऊबाईंच्या पडवीत ठेवलेली असायची. ती गेली आणि मी मुलाच्या रविवारवर येऊन पडले. आता झेंडूला काय रविवार कळतो? अळी पडली की पडली.

"आई, आता निवांत बस ना," मुलगा म्हणाला.

मला निवांत बसता येत नाही हो. कधीच आलं नाही. सकाळी उठून मी गॅलरीत जायची, आत यायची, पुन्हा गॅलरीत. घासलेले डबे घासायची. सून गुणी, ती काही बोलायची नाही, नुसती म्हणायची, "आई, तो कालच घासलाय." मग मी दुसरा घ्यायची. जीव सगळा तिकडे, आणि पाय इकडे फरशीवर फिरतायत. आभाळ भरून आलं की वाटायचं, शेतात पाणी तुंबलं असेल, चर कोणी काढला असेल का.

अशीच एकदा गॅलरीत केर काढताना नातीच्या सायकलचं पोतं पायाला लागलं. माझी नात कॉलेजला आहे आणि पांडवलेण्याच्या डोंगरामागे त्या जाड टायरांच्या सायकली घेऊन दगडाधोंड्यांतून उतरणाऱ्यांतली आहे. तिच्या जुन्या सायकलची फ्रेम सीटखाली तडकली होती. ॲल्युमिनियमची. तिने दोन-तीन वेल्डिंगवाले पालथे घातले, सगळ्यांनी हात जोडले. शेवटी तिने दुसरी सायकल घेतली आणि जुनीची चाकं, ब्रेक, गियर, चेन, हँडल, पुढचा चिमटा असं सगळं सोडवून पोत्यात भरून ठेवलं.

मी पोतं उघडून बघितलं. म्हटलं, सायकल तर आहे सगळी. फक्त सांगाडा नाही.

लहानपणी मी वडिलांच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत मळ्यात भाकरी पोचवलेल्या आहेत. शाळा सुटली, पण सायकल सुटली नव्हती. लग्नानंतर सुटली. नातीला विचारलं, यावर मी बसले तर? ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, स्कूटीपेक्षा बरं आजी, वेग कमी, वजन कमी, घसरायला लागली तर पाय टेकता येतो. मग तिने मुलाला जेवताना सांगितलं. तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, दसऱ्याच्या आत आई स्वतःची स्वतः शेतात जाऊन आली तर मी वाट्याचं बोलणार नाही. त्याला खात्री होती की एवढ्या दिवसांत काही होत नाही.

झालं. मला तेवढंच पाहिजे होतं.

फ्रेम शोधायची म्हणजे काय बघायचं, हे मी त्या दिवसांत शिकले. नवी चांगली फ्रेम माझ्या गणपतीतल्या फुलांच्या पैशात बसत नव्हती. नातीच्या एका मैत्रिणीकडे ॲल्युमिनियमची होती, हलकी, दिसायला देखणी. मी उभी राहून बघितली तर वरची दांडी अशा जागी आली की उतरताना माझी फजिती ठरलेली. आणि उद्या ती तडकली तर? सायखेड्याला वेल्डिंगचं दुकान आहे, द्राक्षाच्या मांडवाचे अँगल जोडतात, नांगराचे फाळ जोडतात. लोखंड असलं तर ते जोडतील. म्हणून ठरलं, फ्रेम लोखंडी. नात म्हणे, आजी, स्टील म्हणतात. म्हटलं, म्हणू देत. लोखंडी, लहान मापाची, वरची दांडी उतरती, आणि मागे ब्रेक अडकवायला दोन खुंट्या हव्यात, कारण पोत्यातले ब्रेक तसल्याच खुंट्यांवर बसतात.

शनिवारी नातीला सुट्टी. आम्ही दोघी पंचवटीत गेलो. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत एक जुना सायकलवाला आहे, त्याच्या दुकानात छताला फ्रेमा टांगलेल्या. त्यातली एक हिरवी नातीने खाली काढायला लावली. उभी राहून बघितली, दांडी बरोबर मापात. नातीने टॉर्च लावून सीटच्या नळीत डोकावलं, आत गंज नव्हता. मग म्हणाली, वाकडी नाही ना ते दोरीने बघतात, व्हिडिओत दाखवलंय. म्हटलं, दोरी मला दे. सरी पाडताना जन्म गेला दोरी लावण्यात. मागचं चाक ज्यात अडकतं त्या एका कानापासून दोरी पुढे डोक्याला, म्हणजे हँडलच्या नळीला, वळसा घालून मागच्या दुसऱ्या कानाला आणली, ताणली, आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर बोटाने बघितलं. सारखं. दुकानदार पान चघळत बघत होता. म्हणाला, मावशी, घेऊन टाका, असली आता येत नाही.

आणि मी काय म्हटलं? म्हटलं, आज शनिवार. शनिवारी मी लोखंड घरात नेत नाही. उद्या येते.

नातीने कपाळाला हात लावला. दुकानदार म्हणाला, निदान विसार देऊन ठेवा. तेही मी दिलं नाही, कारण विसार दिला म्हणजे घेतल्यासारखंच झालं ना. माझ्या सासूबाई शनिवारी सुईसुद्धा विकत घेत नसत. चाळीसेक वर्षं मी ते पाळलंय, कारण न विचारता.

रविवारी गेलो तर छताला नुसता हूक. आदल्या संध्याकाळीच दोन पोरं येऊन हिरवी घेऊन गेली होती. दुकानदाराने खाली बघत सांगितलं. त्याचा तरी काय दोष. परत येताना रिक्षात नात एकदम म्हणाली, "आजी, शनीला ॲल्युमिनियम चालतं का गं?"

मग लागला पितृपक्ष. त्यात काही घ्यायचं नाही. जुनी फ्रेम ही नवी खरेदी होते का, यावर नातीने माझ्याशी वाद घातला. मी म्हटलं, घेणार नाही, पण बघायला कोणी अडवलंय? त्या पंधरवड्यात मी शहरातली सगळी जुनी दुकानं फिरले. कुठे मोठी, कुठे गंजलेली, एकीत सीटचा दांडा असा आत अडकलेला की निघेना. घरी यायची, पाणी प्यायची, पुन्हा चपला घालायची. मुलगा विचारायचा, कुठे? मी म्हणायची, भाजीला. घरात भाजी सडायला लागली.

तेवढ्यात जाऊबाईंचा फोन. माझ्या तुकड्यातला झेंडू कळ्यांनी भरलाय, आणि तो वाट्याने घेणारा बांधावर येऊन पावलांनी अंतर मोजून गेला. त्या दिवशी मी जेवले नाही.

घट बसले. नवरात्रातला शनिवार. सकाळीच पंचवटीच्या दुकानदाराचा फोन. म्हणाला, एक लोखंडी आलीय, लहान मापाची, तुमच्या खुंट्या आहेत मागे. पण दिसायला काही खास नाही, आणि दुपारी भंगारवाला येतोय, ढीग उचलून नेईल. मावशी, मला माहितीये आज शनिवार आहे. म्हणून फोन केला.

मी गेले. फ्रेमचा रंग उडालेला, दांडीला एक पोचा. दोरी लावली तर मागची एक बाजू करंगळीच्या नखाएवढी आत. म्हटलं, वाकडी आहे. तो म्हणाला, "लोखंड आहे मावशी, ऐकतं. हळूच सांगायचं."

मी पिशवी हातात धरून उभी. एकीकडे सासूबाई, एकीकडे भंगारवाला. आणि उभ्या उभ्या डोक्यात आलं की लोखंड घरात न्यायचं नाही ना, मग घरात नेतच नाही. पैसे दिले, फ्रेम खांद्याला अडकवली आणि तिथून तशीच सायखेड्याची बस धरली. कंडक्टरने विचारलं हे काय. म्हटलं, सायकल. तो म्हणाला, चाकं? म्हटलं, मागून येतायत. त्याने लगेजचं तिकीट फाडलं.

जाऊबाई दारात गहू पाखडत होत्या. माझ्याहून मोठ्या, आणि मला आजही नव्या सुनेसारखं बघतात. खांद्यावरचं ते बघून सूप थांबलं.

"घरात घट बसलेत आन तू शनवारचं लोखंड घेऊन आलीस?"

"आक्का, म्हणून तर माझ्या घरी नेलं नाही."

"म्हंजी तुझा शनी माझ्या दारात व्हय? लय शहाणी हाय." मग सूप खाली ठेवून त्या उठल्या. म्हणाल्या, रान काय घर नाय. रानात ठिव.

मोटरसायकलवरून पुतण्याने मला शेतात सोडलं, आणि मी ती फ्रेम झेंडूच्या दोन सऱ्यांमध्ये आडवी ठेवली. कळ्या फुटत होत्या. त्या गर्दीत ती दिसेनाशी झाली. परत येताना बसमध्ये मला एकच घोर, कोणी उचलून नेली तर? शनिवार पाळला आणि पुन्हा गेली तर?

रविवारी नात पोतं घेऊन आली. फ्रेम होती तिथेच, दांडीवर दव आणि एक गोगलगाय. मग आम्ही तिघींनी तिला सरळ केली. जाऊबाईंनी पुढचं डोकं दाबून धरलं, नातीने मागच्या दोन दांड्यांमध्ये फळी घातली आणि मी फळीवर भार दिला. थोडासा. दोरी लावली. अजून आत. पुन्हा भार. जाऊबाई म्हणाल्या, एवढ्यानं काय व्हतंय, लाव की जोर. नात ओरडली, आजी नको, जास्त झालं तर उलट वळेल. पुन्हा दोरी. चौथ्यांदा की पाचव्यांदा दोन्हीकडे सारखं आलं. जाऊबाईंनी स्वतः बोट घालून बघितलं, त्यांचा माझ्या बोटावर विश्वास नाही.

चाकं लागली, चिमटा बसला, ब्रेक त्या खुंट्यांवर बरोबर अडकले. गियरचं नातीला दोनदा यावं लागलं. पडवीसमोर मी बसायला शिकले, म्हणजे पुन्हा. पंजाबी ड्रेस घालून. जाऊबाई ओट्यावर बसून म्हणायच्या, पडली की सांग, मी डोळं झाकते. मी पडले नाही. एकदा तुळशीला धडकले, तेवढंच.

खंडेनवमीला मुलगा टेम्पो सांगून शेतात येणार होता, दसऱ्याचा माल काढायचा होता. तो माझ्या आधी गावात येऊन पोचला होता. मी पडवीतून सायकल काढली आणि निघाले. थोडं गेल्यावर मागे मोटरसायकलचा आवाज. हळूहळू, माझ्या चालीने. मी थांबले, आवाज थांबला. निघाले, आवाज निघाला. असं मागे कोणी घुरघुरत असलं की चिखलातली चाकोरी तरी नीट दिसते का माणसाला?

मी उतरले. म्हटलं, "तू पुढे जा."

"आई, पुढे पाणी साचलंय."

"मला दिसतंय. तू पुढे जा, आणि वळून बघू नको."

तो गेला. वळणावर त्याने वळून बघितलंच. मी सायकलवर बसले, जाड टायर त्या पाण्यातून गेले, चिखल पाठीपर्यंत उडाला, एका जागी चाक सरकलं. पाय टेकला. नात म्हणाली होती तसाच टेकला. पुन्हा पायडल मारलं.

शेतात पोचले तेव्हा शेडपुढे गोणपाटावर अवजारं मांडून झाली होती. विळे, खुरपी, कुदळ, फवारणीचा पंप. मुलानेच मांडली होती. मी सायकल शेजारी टेकवली. त्याने सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि त्याच बोटाने सायकलच्या दांडीला, बरोबर पोच्यापाशी, लावलं. एक झेंडू हँडलला अडकवला. मग दांडी धरून हलवून बघितली, मागचं चाक उचलून फिरवलं, ब्रेक दाबला. मला वाटलं आता काहीतरी खोट काढणार.

"मडगार्ड लाव हिला," तो म्हणाला. "पाठ बघ तुझी."

तेवढंच. वाट्याने घेणारा दुपारी बांधापर्यंत आला होता. मुलगा त्याच्याकडे गेला, दोघं बराच वेळ बोलले, मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही. परत येऊन त्याने क्रेट उचलला आणि म्हणाला, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. म्हणजे हे वर्ष माझं.

पुढच्या वर्षाचं ओझं लगेच डोक्यावर बसलंच म्हणा. पण त्या घडीला मी झेंडू तोडत होते आणि मला फक्त सायकलच्या मागची रिकामी जागा दिसत होती. तिथे कॅरिअर लावलं तर एक क्रेट राहील का, की चढाला पुढचं चाक उचललं जाईल? नातीला विचारायला हवं होतं. हातातली फुलं तशीच टाकून मी दोनदा जाऊन वितीने मापून आले. जाऊबाई सरीच्या त्या टोकाहून म्हणाल्या, "अगं, एका जागी ठर की जरा." मी तिसऱ्यांदा निघाले होते.