रोल संपला नव्हता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. माझा तणमोराचा फोटो पाहून लोक विचारतात, सर, हा कसा मिळाला? मी गवताचं सांगतो, थांबण्याचं सांगतो, उजेडाचं सांगतो. त्या दिवसाचं मात्र सांगत नाही. आज तुम्हाला सांगतो.

अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा. मी ताडकळसला शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि पक्ष्यांच्या नादाला लागलो होतो. जुना कॅमेरा, त्याला एक लांब लेन्स. रोल घरीच न्हाणीघरात धुवायचो. सुट्टी लागली की सायकल काढून मामाच्या गावी जायचो. गावाचं नाव लिहीत नाही. मामा तिथले मोठे शेतकरी. गावामागं गायरान होतं, आणि पाऊस पडून गवत कमरेएवढं झालं की तिथं तणमोर यायचा.

तणमोर तुम्ही बहुधा पाहिला नसेल. कोंबडीएवढा पक्षी. विणीच्या दिवसांत नर काळा-पांढरा होतो, डोक्यावर मागं वळलेले तुरे येतात, आणि मादीनं बघावं म्हणून तो गवतातून सरळ वर उडी मारतो. माणसाच्या छातीएवढी. क्षणभर हवेत, की गेला खाली. पुन्हा कुठून उठेल, नवख्याला सांगता येत नाही.

मला ते सांगितलं किसनरावांनी. ते गावच्या बौद्धवाड्यात राहायचे, लोकांचं गवत कापायचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. गावात त्यांना सगळे 'किसन्या' म्हणायचे, मी 'किसनराव' म्हणायचो. याचा मला केवढा अभिमान होता, काय सांगू! दोन पावसाळे त्यांनी माझ्यासाठी माळ पालथा घातला. "गुर्जी, त्यो एकाच ठिकानावरून उडी मारायलाय. रोज. तुमी नुस्तं बसून ऱ्हावा," असं त्यांनीच सांगितलं. कडब्याच्या पेंढ्यांचा आडोसाही त्यांनीच केला. त्या तुकड्यातलं गवत स्वतः कापलं नाही, दुसऱ्यालाही कापू दिलं नाही.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. एसटी बंद झाल्या. शाळा बंद झाली. शाळा बंद — तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? तणमोराच्या उड्यांचे दिवस आहेत, आता चार दिवस मोकळे मिळतील. हेच आलं. मी सायकल काढली.

सकाळी मामाच्या घरी पोचलो. ओसरीवरच कळलं — आदल्या दिवशी बौद्धवाडा जाळला होता. मामेभावानं मला चहा आणून दिला. कप घेताना दिसलं — त्याच्या उजव्या हातावरचे केस जळून कुरळे झाले होते. त्यानं बाही खाली ओढली. मी चहा प्यायलो. मामा एवढंच म्हणाले, "तिकडून जाऊ नको, पल्याडच्या वाटेनं जा."

मी तिकडूनच गेलो. का? किसनराव कसे आहेत ते बघायला — असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पल्याडची वाट चिखलाची होती.

भिंती उभ्या होत्या, काळ्या. छपरं खाली आलेली. एका घरात ज्वारीची कणगी अजून धुमसत होती. किसनराव त्यांच्या दारात उभे होते. दार नव्हतंच, चौकट होती. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. हो, उजळला. माझ्या गळ्यात कॅमेरा होता ना.

"गुर्जी, बरं झालं आलात. ह्या घराचे फोटू काढा. पाऊस आला की ह्या भिती बसत्यात. मंग कोन म्हनंल जाळलं म्हनून?"

कॅमेऱ्यात अकरा फोटो शिल्लक होते. आकडा मला बोटाखाली दिसत होता. कुरळे झालेले ते केसही दिसत होते.

मी म्हणालो, "रोल संपला, किसनराव."

त्यांनी कॅमेऱ्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "आसं व्हय. ऱ्हाऊ द्या मंग," म्हणाले.

इथंच परत फिरलो असतो तरी एक वेळ — पण नाही. मी गायरानात गेलो. आडोशात बसलो. तासाभरानं तणमोर उडाला. मी फोटो काढला. परत उडाला, परत काढला. आठवा फोटो झाल्यावर लेन्स जरा बाजूला सरकली आणि बाभळीखाली बायकामुलं दिसली. बौद्धवाड्यातली माणसं तिथं लपून बसली होती. किसनरावांची बायको, सखूबाई, थेट माझ्याकडं बघत होती. तिला माझ्या हातातलं दिसत होतं. खटका ऐकू गेला असेल का? मी डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही. उरलेले तीन फोटोही काढले. पक्ष्याचेच.

चौथ्या दिवशी मोठा पाऊस आला. पंचनाम्याला माणसं आली ती त्यानंतर. कागदावर लिहिलं गेलं — पावसानं पडझड. मामेभावाला कुणी काही विचारलं नाही. किसनराव घर सोडून परभणीला मोंढ्यात हमालीला गेले. तणमोराच्या फोटोला पुढच्या वर्षी बक्षीस मिळालं. मी ते घ्यायला नवा सदरा शिवला होता.

सोळा वर्षांनी, विद्यापीठाला नाव मिळालं त्या दिवसांत, परभणीच्या स्टँडवर ते मला भेटले. केस पांढरे, हातात मिठाईचा पुडा. "जय भीम, गुर्जी!" त्यांनीच आधी ओळखलं. सखूबाई दोन वर्षांमागं गेल्याचं सांगितलं. तिनं त्यांना सांगितलं असेल का? त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. मी विचारलं नाही, आणि माझं मीही सांगितलं नाही. सांगायला स्टँडवर अर्धा तास होता. माझी गाडीसुद्धा लागली नव्हती.

त्यांनी पुडा उघडून माझ्यापुढं धरला. मी पेढा उचलला, तोंडात टाकला, आणि चांगला आहे म्हणालो.