बुधवारचं पाणी

मनकर्णाकाकू भांडखोर होती, हे आधीच सांगून टाकते. माणूस मेलं की गावाला त्याच्यात गुण दिसायला लागतात. तिच्या तेरवीला बायका डोळ्याला पदर लावून "मोठी मायाळू होती हो" म्हणू लागल्या, तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटलं. कशाची मायाळू? माझ्या आईला तिनं जितकं रडवलं तितकं माझ्या आजीनंही रडवलं नसेल. "जमुना मास्तरीण झाली ती काकूमुळे" असं माझ्याबद्दल जे म्हणतात, त्यांना गोष्ट अर्धीच ठाऊक आहे. उरलेली अर्धी ऐकायला गोड नाही.

वलगाव मागं टाकून परतवाड्याच्या सडकेनं थोडं पुढं गेलं की आमचं गाव. आम्ही माळी. वांगी, मेथी, मिरची आणि थंडीत फूलकोबी. फूलकोबीवर वडिलांचा फार जीव. नाताळ जवळ आला की अमरावतीच्या कॅम्पातले साहेबांचे खानसामे ती हातोहात उचलत. गड्डा पांढरा आणि घट्ट असला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. पण त्यासाठी त्या दिवसांत पाणी चुकवून चालत नसे. पाणी चुकलं की गड्डा फुटतो, पिवळा पडतो, मग तो साहेबाच्या टेबलावर जात नाही, बकऱ्यांपुढं जातो.

माझे वडील शालिकराम थोरले, नत्थुजीकाका धाकटे. काका मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले तेव्हा त्यांची शकुन मांडीवर होती. घर एकत्र आणि वडील कर्ते. बाईनं नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, म्हणजे भासऱ्याशी, बोलायचं नाही, त्याच्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा, असा आमच्याकडचा रिवाज. काकूनं तो मरेपर्यंत पाळला. पदर ढळू दिला नाही आणि वडिलांशी एक शब्द बोलली नाही. जे सुनवायचं ते ती बैलांना सुनवायची. बैलांना त्यातलं काही कळत नसे, वडिलांना सगळं कळे.

शकुनताई माझ्याहून थोडी मोठी. आमच्या घरातून शाळेत गेलेली पहिली मुलगी तीच. जानराव गुरुजी तिला फळ्यापाशी उभी करून मोठ्या पोरांना वाचून दाखवायला सांगत. वडिलांनी तिला चौथीतून काढलं. मोट हाकायला ते स्वतः होते, पण पाटावर उभं राहून वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला कुणी नव्हतं. आईची कंबर धरलेली, काकू बाजाराला जाणारी, मी लहान. काकूनं आईच्या तोंडून निरोप घातला, की एवढं वर्ष तरी पुरं होऊ द्या. वडील ओसरीवरूनच म्हणाले, साऱ्या घराला ऐकू जाईल असं, "पाणी काय पोट्टीच्या शाळेसाठी थांबते?"

संपलं. शकुनताईनं पाटी ठेवली आणि फावडं घेतलं. पुढं तिला अचलपूरला देऊन टाकली. फुलं विकणाऱ्यांचं घर, तिथंही मळा, तिथंही पाट. तिचा छकडा वेशीबाहेर गेला आणि त्याच दिवशी काकूनं वाटणी मागितली.

पंचांनी जमीन वाटली, बैल वाटले, भांडीकुंडी वाटली. विहीर कशी वाटणार? म्हणून वार वाटले. सोमवार ते बुधवार आमचे, गुरुवार ते शनिवार तिचे, रविवारी विहिरीला आराम. एवढ्यावर भागलं असतं, पण वडिलांनी त्यात एक मेख मारून ठेवली. ज्याच्या वारी त्याचे बैल मोटेला दिसले नाहीत, त्याचा तो वार होळीपर्यंत दुसऱ्याचा. विधवा बाई, घरात पुरुष नाही, मोट हाकणार कोण? महिन्याभरात सगळी विहीर आपली होईल, असं त्यांनी धरलं होतं. पंचांना हे समजलं नसेल असं नाही, पण पंच आमच्याच ओसरीवर पानसुपारी खाणारे होते.

काकूनं पुढच्या गुरुवारी ओचा खोचला आणि स्वतः मोट हाकली; मधेमधे बैल थांबवून पाणीही तीच वळवी. बाईनं मोट हाकलेली गावानं कधी पाहिली नव्हती. लोक सडकेवर थांबून हसत. वडील चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "बेशरम बाई हाये." ते शब्द संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या वाफ्यात तण निंदत असताना ती बैलांवर खेकसली, "हाल रे बांड्या! लाज वाटते का तुले? लेकराच्या जिवावर कोबी पोसणाऱ्याले नाई वाटत, तुले काहून वाटून रायली?" तुम्हाला यात गंमत वाटेल. आठवड्यातले तीन दिवस ऐकून पाहा, मग सांगा.

माझी चौथी झाली होती. पुढचा वर्ग गावात नव्हता, म्हणून गुरुजी मला पुन्हा चौथीतच बसवून ठेवत होते. त्या वर्षी नाताळच्या सुटीआधी त्यांनी सगळ्या आईबापांना शाळेत बोलावलं आणि बातमी दिली. अमरावतीला मुलींच्या मिडल शाळेत बोर्डिंगसकट जागा निघाल्या होत्या. आमच्या गावातून त्यांनी माझं नाव कळवलं होतं. शाळा सुटीसाठी बंद होण्याआधीच्या बुधवारी इन्स्पेक्ट्रेस बाई तिथं येऊन मुली निवडणार होत्या.

"पण एक हाये, शालिकरामजी," गुरुजी म्हणाले. "बापानं सोता यायचं. पोरीले मधातून काढणार नाई, असं बाईसमोर कबूल करायचं. लोक पोरी आणून टाकतात अन् कापूस निघाला की घेऊन जातात, त्याले त्या विटल्या. घरच्याईचं बळ असंन तरच या म्हणतात."

वडिलांची छाती फुगली. मी त्यांची लाडकी होते, हे मी लपवत नाही. शकुनताईला जे मिळालं नाही ते मला मागण्याआधी मिळत असे. घरी येईपर्यंत त्यांनी निम्म्या गावाला बातमी सांगितली होती. उंबरठ्यात आईनं विचारलं, "बुधवारी? अन् पाणी?"

तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. बुधवार आमचा वार, तोही कोबीच्या पाण्याचा; सोमवार-मंगळवार वांगी-मिरचीतच संपत. कापसाच्या वेचणीचे आणि सरकी काढणाऱ्या जिनांचे दिवस, गावात रिकामा गडी औषधालाही नव्हता. आईनं मोट हाकावी, तर काकूला चावडीवर बेशरम कुणी म्हटलं होतं? स्वतःच्याच तोंडानं त्यांनी तो रस्ता बंद केला होता. उरलं एकच. काकूकडून वार बदलून घ्यायचा. बुधवार तिनं घ्यावा, गुरुवार आम्हाला द्यावा.

शनिवारी वडील मला घेऊन विहिरीवर गेले. काकू मोट हाकत होती. पाटावर दोनतीन बायका धुणं धूत होत्या. वडिलांना पाहून काकूनं पदर ओढला.

"जमुना," वडील बाभळीखालून म्हणाले, "तुह्या काकूले सांग, एक डाव बुधवार घे अन् गुरुवार दे."

मी तोंड उघडायच्या आत काकू बोलली. "ऐकलं का रे, बांड्या? वार बदलून पाहिजे म्हणते. काहून? तं पोट्टीची शाळा हाये." मोट वर आली, पाणी थारोळ्यात धो धो पडलं. "आपल्याले तं कोणीतरी सांगतलं होतं, पाणी पोट्टीच्या शाळेसाठी थांबत नाई. कोणं सांगतलं होतं रे? आठवते का तुले?"

धुणं थांबलं.

"सांग तिले," वडिलांचा आवाज चढला, "जुन्या गोष्टी उकरू नको म्हणा."

काकूनं बैल थांबवले. "जुन्या? माही शकुन तिकडं अचलपुरात अजूनई पाणीच वळवून रायली, बांड्या. गोष्ट जुनी कशी झाली?" मग तिनं आवाज आणखी वर चढवला, बायकांसाठी. "वार बदलत नाई म्या. जायाचं असंन तं पाणी सोडून जाय म्हणा. पर हा मानूस जात नाई, पायजा तुमी. याले पोट्टीपरीस कोबी प्यारी."

वडील ताडताड निघून आले. घरी आल्यावर त्यांनी आईला शिव्या दिल्या, गुरुजींना दिल्या, मलाही दिल्या. मंगळवारपर्यंत घरात हेच चाललं. आई म्हणे, पाठवू नका, होळीपर्यंत एक वार गेला तर खायचं काय? मी कोपऱ्यात बसून दोघांचा राग करत होते, आणि काकूचा सगळ्यांत जास्त.

बुधवारी सकाळी वडिलांनी बैल सोडले. मी पाहत होते. त्यांनी ते मोटेकडे नेले नाहीत, छकड्याला जुंपले. तो काकूच्या टोमण्याचा राग होता की आणखी काही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विहिरीवरून जाताना पाहिलं, तर काकू तिचे बैल घेऊन तयारच उभी. एका पंचाला साक्षीला आणून बाभळीखाली बसवलं होतं. आमचा छकडा सडकेला लागतो न लागतो तोच मोटेचं चाक कुरकुरलं.

अमरावतीला इन्स्पेक्ट्रेस बाईंनी माझ्याकडून वाचून घेतलं, दोन गणितं घातली. मग वडिलांकडे वळल्या. "मुलीला मध्येच काढून नेणार नाही ना?"

वडिलांनी पागोटं सारखं केलं. "नाई नेत, बाईसाहेब. आपलं पाणी सोडून आलो न म्या."

"कसलं पाणी?"

वडिलांनी मला पुढं केलं. बाईंनी माझं नाव लिहून घेतलं.

परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. काकूची मोट चालूच होती. तिचे वाफे काठोकाठ भरले होते आणि बांधाच्या अलीकडे आमची माती पांढरी पडली होती. काकूनं मला हाक मारली. "निवडली का?"

"हो."

"नापास होऊन आली तं तंगडी तोडीन," ती म्हणाली आणि बैलांना हाकललं. हा तिचा आशीर्वाद. याला ज्यांना माया म्हणायचं त्यांनी म्हणावं.

पुढच्या आठवड्यातला बुधवारही तिनं घेतला. आमचे गड्डे फुटले. कॅम्पातला खानसामा आला तो आमच्या बांधावरून सरळ तिच्या मळ्यात गेला, आणि तिनं त्याला मुद्दाम आमच्या बाजूला उभं करून गड्डे दाखवले. आई बकऱ्यांपुढं कोबी टाकताना रडली. "एक वार सोड, माय," म्हणून ती काकूच्या दारात जाऊन आली, तर काकूनं दार लावून घेतलं. बोर्डिंगात जायला निघाले तेव्हा मी मनात म्हटलं, या बाईचं तोंड पुन्हा पाहायचं नाही.

पाहावं लागलं. संक्रांतीला आम्हा मुलींना घरी सोडलं. त्या वर्षी संक्रांत बुधवारी आली होती. शकुनताईही माहेरी आली होती, म्हणून आईनं मला तिळगूळ घेऊन मळ्यात पाठवलं. काकू मोटेवर होती. वडील आमच्या कोरड्या वाफ्यात वाळलेले कोबीचे बुंधे उपटत होते. आणि शकुनताई, सणाला माहेरी आलेली, घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून आपल्या आईच्या वाफ्यांत पाणी वळवत होती.

मी तिळगूळ दिला. तिनं तोंडात टाकला आणि विचारलं, "का शिकवते तिथं?" मी सांगत सुटले. इंग्रजीची अक्षरं, नकाशे, पेटीवरची प्रार्थना. ती ऐकत होती आणि हात चालू होते. एक वाफा भरला की माती ओढून तोंड बंद करायचं, दुसऱ्याचं फोडायचं. तिचं कधी थेंबभर पाणी बाहेर गेलं नाही.

"मोठेबाबांनी बुधवार सोडला म्हणे तुह्यासाठी?"

"हो."

"होळीपरेंत?"

"हो."

तिनं एक वाफा बंद केला. "मंग माह्या वक्ती काहून नाई सोडला?"

तिनं हे रागानं विचारलं नाही. मला ठाऊक असेल असं वाटून विचारलं. बांधापलीकडे बुंधे उपटण्याचा आवाज थांबला होता. मी काकूकडे पाहिलं. आता बैलांच्या नावानं तोफ सुटणार, असं मला वाटलं. पण बैल उतारावर थांबले होते, भरलेली मोट अर्ध्यात लोंबत होती. वडिलांना जन्मभर ऐकवत आलेल्या त्या बाईला त्या वेळी बैलांना सांगायलाही शब्द सापडला नाही.

वडील बांध ओलांडून आले. पाण्यात उतरले आणि त्यांनी हात पुढं केला. "आण, बाई. फावडं आण. म्या वळवतो."

शकुनताईनं फावडं दिलं नाही.

"राहू द्या, मोठेबाबा," ती म्हणाली. "मले येवढंच तं येते."

आणि तिनं पुढचा वाफा फोडला.